मागावर चढणारं गाणं

जुन्या इंग्रजी रॉक संगीतावरून भांडणारी माणसं सोलापुरात फारशी नसावीत. जी दोन आहेत ती माझ्या ओळखीची आहेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्यात जाऊन बसतो, आणि घरी परतताना दर वेळी ठरवतो की पुढच्या वेळी यायचं नाही.

पहिला माझा शाळेपासूनचा मित्र. शहराच्या पूर्व भागात त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. खाली यंत्रमाग, वर घर. घरात तेलुगू, दारात मराठी, वाद घालताना दोन्ही. दुसरा त्याचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. तो कामातून मोकळा झालाय, तरी रोज येतो. त्याला आम्ही भाई म्हणतो. तिसरा मी. मी इथल्याच एका वर्तमानपत्रात आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. मागाशी माझा संबंध टॉवेल वापरण्यापुरता.

वादाचा विषय एकच, जुनं रॉक चांगलं की आताचं संगीत. त्यात मित्राची बाजू ठरलेली आहे. चार-पाच जणांनी गिटार आणि ड्रम घेऊन त्या काळी जे वाजवलं, तेच संगीत. पुढचं सगळं रिकामं. तो नव्या गाण्यांना वाईट म्हणत नाही, बेसूरही म्हणत नाही. रिकामं म्हणतो.

"खोकं हाय बे नुसतं. वरनं रंग लई चांगला. आत हात घालून बघ, काय न्हाय."

"हौ," भाई म्हणतो. "खाली डब्बा."

माझं म्हणणं असं, की चांगलं आणि वाईट दोन्ही काळांत निघतं. जुन्यातलं वाईट आपण विसरून गेलेलो असतो, म्हणून जुनं सगळं चांगलं वाटतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता वाक्य अर्ध्यावर आलं की भाई चहाचा कप उचलतो.

"हे तू अग्रलेखात लिही," मित्र म्हणतो.

"लिहिलंय."

"मग झालं की. तितं बी कुणी वाचलं नसंल."

यानंतर मतदान होतं. ही पद्धत मित्राने सुरू केली. हात वर करायचे आणि निकाल जाहीर करायचा. निकाल नेहमी दोन विरुद्ध एक. मी कितीदा सांगितलं की संगीताचा निकाल बहुमताने लागत नसतो. त्यावरही मतदान झालं आणि मी हरलो.

हे संगीत पूर्व भागात कसं पोहोचलं, ते सांगायला हवं. मित्र कापडाच्या डिप्लोमासाठी मुंबईला गेला होता. परत आला तेव्हा त्याच्याकडे कपड्यांची बॅग लहान होती आणि कॅसेटची मोठी. वडिलांनी त्याला दुसऱ्या दिवशी मागावर उभं केलं. त्याने शेडच्या भिंतीवर दोन स्पीकर टांगले आणि टेप लावला.

चालू मागांची शेड ज्याने आतून ऐकली नसेल, त्याला ती सांगून कळत नाही. आडवं सूत घेऊन धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो, तिथे आपटतो, परत फेकला जातो. एका मागाचा हा आवाज. वर पत्रा, खाली फरशी आणि असे माग ओळीने. आत कुणी बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो. सगळा कारभार ओठांवर आणि हातांवर. सूत तुटलं की दोन बोटांची कात्री. मालक आला की मिशीवर बोट. माझ्या मित्राला मिशी नाही, तरी खूण तीच राहिली, कारण ती त्याच्या वडिलांसाठी ठरलेली होती.

या आवाजात हिंदी गाणी लावून बघितली, ती बुडाली. भजनं बुडाली. मागाच्या आवाजावर चढलं ते फक्त या कॅसेटमधलं संगीत. भाईला इंग्रजी येत नाही, पण त्याला त्यातलं प्रत्येक गाणं माहीत आहे, आणि तो ते मागाच्या दुखण्यांवरून ओळखतो. "ते लाव सेठ, पट्टा सुटल्यासारखं सुरू होतं ते." मित्र बरोबर तेच लावतो. दोघांनी आपली कमाईची सगळी वर्षं त्या शेडमध्ये, त्या गाण्यांखाली काढली. माझ्यासाठी तो चर्चेचा विषय होता. त्यांच्यासाठी नव्हता, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी घेतलं होतं. तरीही वैताग यायचा.

हा वाद असाच चालू राहिला असता तर त्यावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण त्यात मित्राची मुलगी अडकली.

तिने इथेच पदवी घेतली. कॉलेजात असल्यापासून ती लॅपटॉपवर गाणी तयार करते. त्यासाठी तिने वरच्या मजल्यावरची सुताची खोली घेतली, कारण चारी भिंतींना सुताच्या गोण्या लावलेल्या असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. तिला पुण्यात ध्वनिमुद्रण शिकायचं होतं. प्रवेश मिळाला होता. हो म्हणायचं ते बापाने, आणि बाप म्हणायचा की रिकामी खोकी बनवायला शिकायला पुण्याला कशाला जायचं.

बापाला ती तेलुगूत नान्ना म्हणते, भाईला चाचा आणि मला काका. एका सुट्टीला तिने आमच्यासमोरच विषय काढला. मित्राने थोडा विचार केला आणि अट घातली.

"एक गाणं आण. आताचं. कुणाचं बी चालंल, तुझं बी चालंल. आमी तिघं बसून ऐकतो. आत काय तरी घावलं तर जा पुण्याला. न्हाय घावलं तर खाली ऑफिसात बस."

"आणि ठरवणार कोण?"

"मतदान."

"नान्ना, काका माझ्या बाजूने हात वर करणार. तुम्ही आणि चाचा विरुद्ध. हे आताच सांगून टाका की."

"तसं कसं? भाई निःपक्ष हाय."

"एकदम," भाई म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की अट चुकीची आहे. मित्र म्हणाला, त्यावर मतदान घेऊ.

पुढच्या सुट्ट्या अशा गेल्या. ती गाणं निवडून आणायची, चांगला स्पीकर मांडायची, दोघं समोर बसायचे. ती निवड विचार करून करत होती. आधी तिने गिटारवालीच नवी गाणी आणली, म्हणजे बापाला ओळखीचं वाटेल. मग आवाज कमी आणि शांतता जास्त असलेली. मग एका परदेशी बाईचं गाणं, ज्यात ती जवळजवळ कुजबुजते. ते मी पुन्हा लावायला सांगितलं. मित्र म्हणाला, "ही बाई तोंडातल्या तोंडात का बोलायलीय?" भाई म्हणाला, "बुखार असेल." हात वर झाले. दोन विरुद्ध एक.

मी मित्राला एकदा खाली जिन्यात गाठून बोललो. म्हणालो, तुला तिला पाठवायचं नसेल तर तसं सांग, हे नाटक नको.

"नाटक न्हाय बे," तो म्हणाला. "मला खरंच काय घावंना. मी कान देऊन ऐकायलोय. तुझी शपथ. गाणं सुरू होतंय, ठोका यायलाय, मग मधी काय न्हाय, मग परत ठोका. ह्या पोरांना भरायला काय सुचत न्हाय काय?"

तो प्रामाणिकपणे बोलत होता. त्याचाच जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे माझ्या धंद्यात शिकवतात. खरं बोलणाऱ्या हट्टी माणसासाठी काही उपाय नसतो.

प्रवेशाची मुदत जवळ आली तेव्हा तिने स्वतःचं गाणं लावलं. आधी तिने कधी स्वतःचं लावलं नव्हतं. त्या दिवशी मित्राची बायको, आमच्या वहिनी, त्याही चहा घेऊन दारातच थांबल्या. वहिनींना जुनंही आवडत नाही आणि नवंही. त्यांना हे सगळे लोक एकदाचे गप्प बसले तर आवडतं.

गाणं एका जड, हळू ठोक्याने सुरू झालं. मित्राची मान थोडी हलली. मग ठोका थांबला आणि त्या जागी एक बारीक आवाज आला. फार पातळ, चकाकणारा, मध्येच तुटून पुन्हा जोडला जाणारा. बंद मागातल्या पोलादी तारांवरून बोट फिरवून तिने तो मुद्रित केला होता, हे तिने मला नंतर सांगितलं. तो आवाज ऐकून मी स्पीकरकडे सरकलो, एवढं नमूद करतो.

"बंद पडलं," भाई म्हणाला.

"काय?"

"गाना. बंद पडला तुझा."

"वाजतंय, चाचा."

"केबल बघ की," मित्र म्हणाला. "हालली असंल."

मुलगी लॅपटॉपकडे बघायला लागली, मग स्पीकरकडे, मग माझ्याकडे. आवाज चालूच होता.

"वाजायलंय की," वहिनी दारातून म्हणाल्या. "किर्र किर्र करायलंय."

"कुटं?"

"तितं. तुमच्या म्होरं."

मित्राने भाईकडे बघितलं. भाईने मान हलवली, नाही. दोघं शांतपणे त्या वाजणाऱ्या स्पीकरकडे बघत बसले. थोड्या वेळाने ठोका परत आला.

"हां, आलं," दोघं एकदमच म्हणाले.

मुलीने गाणं थांबवलं. तिचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की तिला कळलंय, आणि तिला कळलं म्हणून मलाही कळलं. बारीक, उंच आवाज या दोघांपर्यंत पोहोचतच नव्हते. मागांनी ते केव्हाच खाऊन टाकले होते. कुणाच्या लक्षात येण्याचं कारणही नव्हतं. त्या भागात सगळेच मोठ्याने बोलतात, घराघरांत टीव्ही गल्लीला ऐकू जाईल असा चालतो, आणि न ऐकलेला शब्द ओठांवरून उचलायची सवय सगळ्यांना कारखान्यातच लागलेली असते. इतकी वर्षं मी ज्या बहुमताने हरत होतो, ती दोन्ही मतं एकाच शेडमध्ये तयार झालेली होती.

मित्राला मात्र वेगळंच कळलं होतं.

"बघ," तो मुलीला म्हणाला. "हेच सांगायलोय मी. मधी रिकामं. आता तुझ्याच गाण्यात सिद्ध झालं की."

त्यानंतरच्या दिवसांबद्दल शांतपणे लिहिणं अवघड आहे. मुलीने सांगून बघितलं, वहिनींनी सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. कानाच्या डॉक्टरकडे चल, एवढंच. मित्र म्हणाला, कुठला माग कुरकुरायलाय ते मला वरच्या मजल्यावर झोपेत कळतं, आणि तुम्ही मला बहिरा म्हणता? हे खरं होतं. मागाचे जड आवाज त्याला आमच्यापेक्षा चांगले कळत. भाई म्हणाला, त्याला अजान ऐकू येते आणि बायको ऐकू येते, याहून जास्त ऐकून काय करायचं.

मग मित्राने त्याचा नवा मुद्दा मांडला.

"समज मला बारीक ऐकू येत न्हाय. समज हं. पण जुनी गाणी मला पुरी ऐकू येत्यात. पहिल्यापासनं शेवटपर्यंत. बरोबर?"

"बरोबर."

"मग कुठलं गाणं पक्कं? जे सगळ्यांना ऐकू येतंय ते, का जे ऐकायला मशीन लावावं लागतंय ते?"

"अरे, दोष गाण्यात नाही—"

"टॉवेल बघ. टॉवेल धुतला आणि त्याचा रंग गेला, तर तू पाण्याला दोष देतोस का टॉवेलला?"

"टॉवेलला," भाई म्हणाला.

मी अनेक पुढाऱ्यांची निवेदनं छापली आहेत. पाणी का आलं नाही याची कारणं छापली आहेत. पण आपल्या कानांचा दोष गाण्याच्या नावावर इतक्या सफाईने चढवलेला मी कधी बघितला नव्हता. मी उठून घरी गेलो. मुदत संपायला थोडेच दिवस होते आणि मुलगी आता बापाशी बोलत नव्हती.

त्यानंतरच्या सुट्टीला तिनेच फोन केला.

"काका, या. पण काही बोलू नका. प्लीज."

मी गेलो तेव्हा मित्र, भाई आणि मुलगी बसलेले होते. वहिनी शेंगा निवडत होत्या. मुलीने सांगितलं की ती आज नवं काही लावणार नाही. नान्नांच्या सगळ्यात आवडीचं जुनं गाणं दोनदा लावणार आहे, दोन्हींत फरक काय तो सांगायचा.

मित्र खूश झाला. डोळे मिटून बसला. पहिल्यांदा गाणं वाजलं, तो मांडीवर ठेका धरून होता. दुसऱ्यांदा वाजलं, तोच ठेका, तिथेच मान, तिथेच हात वर.

"सेम हाय," तो म्हणाला.

"पुन्हा लावू?"

"लाव. कितीबी बार लाव. सेमच हाय बे. तेच गाणं दोनदा लावायलीस."

"सेम," भाई म्हणाला.

मी काही बोलायचं नव्हतं. दुसऱ्यांदा जे वाजलं होतं ते गाणं म्हणवत नव्हतं. ड्रमचा दबका धप्प आवाज होता, गिटारचं अर्धं अंग होतं, आणि गाणाऱ्याच्या शब्दांचे कोपरे झिजून गेले होते.

"दुसरं चादरीखाली वाजल्यागत हाय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी शेंगांवरून नजर उचलली नव्हती.

मित्राने डोळे उघडले. "तुला काय कळतंय गाण्यातलं?"

"गाण्यातलं न्हाय कळत. चादर कळती."

भाई हसला आणि मित्राचा चेहरा बघून थांबला.

मुलगी बापाच्या समोर जमिनीवर बसली. "नान्ना, दुसऱ्या वेळी मी गाण्यातलं वरचं सगळं काढून टाकलं होतं. बारीक आवाज सगळे. गिटारची धार काढली. ड्रमवरच्या झांजा काढल्या. तुम्हाला कळलं नाही."

"झांजा होत्या की."

"दुसऱ्यात?"

"होत्या. मी ऐकल्या की."

"नव्हत्या, नान्ना. आणि पहिल्यातल्यासुद्धा तुम्हाला ऐकू येत नसतील. तुम्हाला त्या पाठ आहेत."

 मित्राने भाईकडे बघितलं. भाई जमिनीकडे बघत होता.  नव्या गाण्यांतलं मित्राला काही मिळत नव्हतं, याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण हे त्याचं गाणं होतं. त्याच्याकडे कॅसेट होती, नंतर सीडी होती, आता मोबाइलवरही होतं, आणि एवढं सगळं असून त्याच्यापर्यंत अर्धंच येत होतं. उरलेलं तो स्वतः वाजवत होता.

मग तो रागावला. रागावण्यासाठी त्याने जो मुद्दा निवडला तो त्यालाच सुचू शकतो.

"माझं गाणं कापलंस तू?"

"मूळ तसंच आहे. मी कॉपी—"

"कुणी सांगितलं कापायला? कारखान्यात न विचारता कुणी कापड कापतं काय?"

"नान्ना, मूळ तसंच आहे. लावू?"

"लाव. झांज कुटं हाय ते दाखव मला."

तिने मूळ गाणं लावलं. तो स्पीकरला कान लावून बसला. तिने उजवा हात वर केला, आणि जिथे झांज वाजत होती तिथे एक बोट उचलायला लागली. माग चालू असताना शेडमध्ये बोलतात तसं. तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. गाणं मोठं होतं. शेवटी शेवटी झांज सलग वाजते, तिथे तिने बोट वरच ठेवलं. भाईही बघत होता. त्याने मध्ये एकदा हाताने खूण केली, थांब, आणि मग मान हलवून दुसरी, चालू दे.

गाणं संपलं. मित्राने कान स्पीकरपासून बाजूला घेतला.

"हे कापायला कसं जमलं तुला?"

"हेच शिकायला जायचंय की."

"कापायला शिकवत्यात तितं?"

"कापायला, जोडायला. मुद्रित करायला. सगळंच."

"जे गेलंय ते परत घालायला शिकवत्यात काय?"

"गाण्यातलं असेल तर कधीकधी घालता येतं," ती म्हणाली. "कानातलं असेल तर डॉक्टरकडे जावं लागतं."

तो बराच वेळ लॅपटॉपच्या पडद्यावरची गाण्याची रेघ बघत बसला. मग म्हणाला, "जा."

"डॉक्टरकडे तुम्ही जाणार?"

"तू पुण्याला जा म्हणायलोय मी. मुदत कधी हाय तुझी?"

तिने सांगितलं. वहिनींनी निवडलेल्या शेंगा एका बाजूला सारल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता तरी विषय संपला. मी चहाचा कप ठेवला तोच मित्र माझ्याकडे वळला.

"पण एक गोष्ट बघितलीस काय तू? एवढं कापून बी माझं गाणं उरलं की. ठोका उरला, चाल उरली, मला फरक बी कळला न्हाय. हिचं गाणं तेवढं काप बघू. काय उरतंय?"

"काय नाय," भाई म्हणाला.

"मग पक्कं कुठलं?"

 मुलगी हसत होती. तिचं काम झालं होतं, तिला हसणं परवडत होतं.

मित्र डॉक्टरकडे गेला, पण वहिनींनी बीपीच्या तपासणीला म्हणून नेलं तेव्हा, आणि त्याबद्दल तो वहिनींवर अजून नाराज आहे. गेलेलं सगळं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याला कानामागे बसणारं यंत्र मिळालं. भाई सोबत गेला होता, आणि तपासून न घेता परत आला.

यंत्र आल्यापासून मित्राच्या तक्रारी वाढल्या. चमचा बशीवर आपटतो. वहिनींच्या चपला वाजतात. मी पेपरची घडी घालतो तेव्हा त्याला त्रास होतो. त्याने पहिल्या दिवशी आवडीचं गाणं लावलं आणि मध्येच बंद केलं, कारण त्याला त्यात खरखर ऐकू आली. ती कॅसेटवरून उतरवलेली प्रत होती. खरखर कॅसेटची होती आणि ती आम्हाला सगळ्यांना पहिल्यापासून ऐकू येत होती. "मग आधी सांगायचं न्हाय काय?" तो म्हणाला. झांजांबद्दल त्याने काही सांगितलं नाही. 

मुलगी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. तिची बॅग भरून दाराशी होती. मित्र यंत्र लावून सुताच्या खोलीत गोणीवर बसला होता आणि तिचं ते गाणं चालू होतं. जड ठोका थांबला आणि तारांचा बारीक आवाज आला. त्याने हात वर केला.

"हे," तो म्हणाला. "हेच न्हवं?"

"हो."

तो पुढे वाकून शेवटपर्यंत ऐकत राहिला. ठोका परत आल्यावर मागे टेकला.

"जास्त झालंय," तो म्हणाला.

"काय जास्त झालंय?"

"ही किरकिर. लई मोठी ठेवलीस. आणि लांबवलीस किती. निम्म्यात काम झालं असतं."

"मोठी नाहीये, नान्ना. तुमच्या मशीनचा आवाज वाढवलेला आहे."

"मशीन बरोबर हाय. डॉक्टरनं लावून दिलंय."

"डॉक्टरांनी बोलण्यासाठी लावलंय, गाण्यासाठी नाही. आणि लांबी मुद्दाम आहे. ठोका परत येईपर्यंत माणसाला वाट बघायला लागली पाहिजे."

"किती वाट बघायची? बस चुकंल की."

"तुमच्या त्या गाण्यात गिटार किती वेळ चालते? एकटीच?"

"ती गिटार हाय. ही तार हाय."

"गिटारला काय असतं मग?"

तिने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. तारांचा आवाज आला आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागली. तो म्हणत होता इथे काप, ती म्हणत होती इथे नाही. भाई खालून आला, दारात उभा राहिला, काय चाललंय म्हणून त्याने मला हातानेच विचारलं. मला खूण येत नव्हती, म्हणून मी तोंडाने सांगितलं, भांडतायत. त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"कशावरून?"

"गाण्यावरून."

"कोणत्या?"

मी जिना उतरलो. वर तेच गाणं तिसऱ्यांदा सुरू होत होतं.